पाव इंच माया

निपाणीकडं वाकळ, बेळगावात गोधडी, कानडी बोलणाऱ्या घरात कौदी आणि खानापूरच्या जंगलाला लागून राहणाऱ्या सिद्दी बायकांच्या तोंडी कवंदी. नावं चार, पण आतला ऐवज एकच. नेसून नेसून मऊ पडलेलं लुगडं, विरलेलं धोतर, परकराचा घेर आणि झंपराच्या कापणीतून उरलेल्या चिंध्या. खानापूर तालुक्यात पावसाळा म्हणजे काय असतं ते इथं राहिल्याशिवाय कळत नाही. मलप्रभेचा उगम असलेल्या कणकुंबीकडं तर आषाढात चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. धुतलेलं वाळत नाही, भिंतीला ओल चढते, घोंगडं जड होतं आणि अंगाला टोचतं. अशा दिवसांत सुती वाकळीची ऊब वेगळीच. आपल्या प्रत्येक घरात ती होती, अजूनही माळ्यावर एखादी सापडेल. बाळंतिणीच्या खोलीतलं दुपटं हे तर तिचंच धाकटं भावंडं.

इतकी घरोघरची वस्तू, पण तिचा इतिहास आपण कधी विचारला नाही. आजोबांनी कुठली जमीन कधी घेतली, बस्तीला कुणी किती देणगी दिली, हे घरात सगळ्यांना पाठ असतं. वाकळ कुणी शिवली म्हटलं की उत्तर येतं, ‘शिवली असंल कुणीतरी बाईनं.’ हा लेख त्या ‘कुणीतरी बाई’बद्दल आहे. पण तिच्याकडं जाण्याआधी थोडं शिवणकाम बघू, कारण तिथूनच मला हा धागा सापडला.

गेली काही वर्षं मी बायकांचा शिवणवर्ग घेते. ब्लाऊज, परकर, झबली झाली की मुली म्हणतात, ‘बाई, ते चांदणीचं शिकवा.’ चांदणीचं म्हणजे तुकडे जोडून केलेला चौकोन, मध्ये आठ टोकांची चांदणी. असे चौकोन एकाला एक जोडले की पांघरुणाचा वरचा थर तयार होतो. इंग्रजीत अशा एका चौकोनाला ब्लॉक म्हणतात, वर्गात आम्हीही तोच शब्द वापरतो. आठ इंची चांदणीला सतरा तुकडे लागतात. मधला एक चौकोन साडेचार इंचाचा. कोपऱ्यांचे चार चौकोन अडीच-अडीच इंचांचे. पार्श्वभूमीच्या रंगाचे चार आयत, अडीच बाय साडेचार. आणि टोकांसाठी चांदणीच्या रंगाचे आठ चौकोन, पुन्हा अडीच इंचांचे.

टोक कसं होतं ते बघा. आयताच्या एका बाजूला लहान चौकोन सुलट बाजू आत करून ठेवायचा, त्याच्या कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकी टीप मारायची, बाहेरचं जादा कापड कातरायचं आणि चौकोन उलटून दाबायचा. झाला त्रिकोण. आयताच्या दुसऱ्या बाजूला तसाच दुसरा, तिरपा उलट्या दिशेनं. असे चार आयत मधल्या चौकोनाच्या चारी अंगांना लावले, कोपरे भरले, तीन ओळी करून जोडल्या की चांदणी उमटते. सांगायला सोपं आहे. प्रत्यक्षात पहिल्या दहा चांदण्यांमध्ये निम्म्यांची टोकं बोथट होतात.

त्याचं कारण माया. कापड बेतताना शिवणीसाठी जी जादा पट्टी कडेला ठेवतात तिला आपल्याकडचे शिंपी माया म्हणतात. ‘बाजूला माया ठेवा हं, पुढं अंगानं भरली तर उसवता येईल,’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. चांदणीच्या कामात ही माया बरोबर पाव इंच लागते. टोक कापडाच्या काठावर नसतंच, काठापासून पाव इंच आत असतं. कापलेला तुकडा हातात घेतला तर वाटतं, एवढी जागा कशाला वाया घालवली? पण शेजारचा तुकडा जोडला जातो तेव्हा शिवण नेमकी टोकाला टेकते आणि टोक धारदार उभं राहतं. माया कमी पडली की टोक शिवणीखाली गडप होतं. प्रत्येक शिवणीत दोन्हीकडून एक-एक सूत, म्हणजे आठवा हिस्सा इंच जास्त खाल्लं, तर एका ओळीतल्या दोन शिवणींत मिळून अर्धा इंच जातो आणि आठाचा ब्लॉक साडेसातचा होतो. मग तो शेजारच्या ब्लॉकला जुळत नाही. ओढून जुळवला तर पांघरूण फुगतं.

ही चांदणी आपल्याकडची नाही, असं मुलींना वाटतं. ते अर्धं खरं आहे. बेतून कापलेले तुकडे जोडून ब्लॉक करायची पद्धत इंग्लंड-अमेरिकेत वाढली, पण तिच्या सुरुवातीच्या कापडाचा पत्ता हिंदुस्थानचा आहे. सतराव्या शतकात कोरोमंडल किनाऱ्यावरून छापील-रंगवलेलं सुती कापड, छिंट, इंग्लंडला जाऊ लागलं. धुतलं तरी त्याचा रंग जात नसे, हे तिथल्या बायकांना नवल होतं. ते इतकं खपलं की तिथले लोकरवाले आणि रेशीमवाले विणकर चिडले आणि १७२१ साली पार्लमेंटनं असं छापील सुती कापड वापरण्यावरच बंदी घालणारा कायदा केला. मिळेनासं झालेल्या कापडाची चिंधीही कोण टाकेल? इंग्लंडच्या उत्तरेला लेव्हन्स हॉल म्हणून जुना वाडा आहे. तिथं १७०८ च्या सुमाराची, आपल्याकडच्या छिंटीचे तुकडे जोडून केलेली पांघरुणं अजून आहेत. त्या देशात टिकून राहिलेल्या सगळ्यांत जुन्या तुकडाजोडणीत त्यांची गणना होते. कापड रंगवलं आपल्या माणसांनी, जोडलं त्यांच्या बायकांनी. दोन्हीकडच्या हातांची नावं कुणाला ठाऊक नाहीत.

पुढं अमेरिकेत या कामाला बहर आला आणि चांदणीचे शेकडो प्रकार झाले. तिथल्या एका बाईचं नाव मात्र राहिलं आहे. हॅरिएट पॉवर्स. १८३७ साली जॉर्जिया राज्यात गुलाम म्हणून जन्मली. यादवी युद्धानंतर गुलामगिरी संपली, मग नवऱ्याबरोबर लहानशी शेती केली. १८८६ मध्ये अथेन्स नावाच्या गावी कापसाचं प्रदर्शन भरलं, त्यात तिनं बायबलमधल्या गोष्टी कापडाच्या आकृतींनी मांडलेली गोधडी ठेवली. जेनी स्मिथ नावाच्या चित्रकला शिक्षिकेला ती फार आवडली, पण हॅरिएटनं विकायला नकार दिला. चार-पाच वर्षांनी दिवस वाईट आले तेव्हा ती स्वतःच गोधडी घेऊन आली. दहा डॉलर मागितले, पाचावर तुटलं. देताना तिनं एकेका चित्राचा अर्थ समजावून सांगितला, आणि नंतर ती आपली गोधडी बघायला पुन्हा पुन्हा येत राहिली. जेनी स्मिथनं ते सगळं लिहून ठेवलं, म्हणून आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात त्या गोधडीशेजारी तिचं नाव आहे. तिची दुसरी गोधडी बोस्टनच्या संग्रहालयात आहे. तिच्यात एका चौकोनात आभाळातून तारे कोसळताहेत. १८३३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत प्रचंड उल्कावर्षाव झाला होता. हॅरिएट तेव्हा जन्मलीही नव्हती. थोरांच्या तोंडून ऐकलेली ती रात्र तिनं सुईदोऱ्यानं नोंदवली. इतरांनी बखरी लिहिल्या, तिनं गोधडी शिवली.

आता अमेरिकेतून थेट खानापुरात येते, आणि त्याला कारण आहे. हॅरिएटचे पूर्वज आफ्रिकेतून जहाजात कोंबून नेलेले. तशीच आफ्रिकी माणसं पूर्वेकडंही आली. कुणी अरब व्यापाऱ्यांबरोबर, कुणी दख्खनच्या सुलतानांच्या फौजेत. मलिक अंबर त्यांतलाच, जंजिऱ्याचे सिद्दीही त्यांतलेच. १५१० मध्ये गोवा पोर्तुगिजांच्या हाती गेल्यावर तिथं गुलाम म्हणून आफ्रिकी माणसं आणली गेली. त्यांतले कित्येकजण पळाले, घाट चढून वरच्या रानात आले आणि तिथंच राहिले. आज हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, जोयडा, अंकोला, धारवाडकडचं कलघटगी आणि आपला खानापूर तालुका या पट्ट्यात त्यांची वस्ती आहे. कुणी हिंदू, कुणी मुसलमान, कुणी ख्रिस्ती. बोली कोकणी-मराठीच्या जवळची, बाजारात कानडी. शेतमजुरी आणि रानातली कामं यांवर पोट. आपण त्यांना बाजारात बघतो, बघून पुढं जातो.

या सिद्दी बायकांची कवंदी म्हणजे कापडकामातला एक वेगळाच विचार आहे. तिथं टेप नाही, आखणी नाही, ब्लॉक नाही. खाली एक जुनी साडी पसरतात. एका कोपऱ्यापासून तुकडे मांडायला सुरुवात होते. तुकड्याची कड नखानं आत मुडपायची आणि धावदोऱ्यानं सगळे थर एकदम शिवत जायचं. कडेकडेनं चौफेर फिरत, पुन्हा एक फेरा, पुन्हा एक, असं आत आत येत मध्यावर संपवायचं. पुढचा तुकडा मागच्याची उघडी कड झाकतो. इथंही माया आहेच, पण ती मोजून ठेवलेली नाही, बोटानं दुमडलेली आहे. शेवटी चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्या घालून त्रिकोणी टोकांची फुलं बसवतात. फुलं नसलेली कवंदी त्यांना उघडीनागडी वाटते. कुणी तुकड्यांत क्रूस घालते, कुणी चंद्रकोर. लेकराची कवंदी असली तर रंगीत बारीक तुकडे जास्त.

एकदा वर्गात मी चांदणीची टोकं समजावत होते. खानापूरकडच्याच एका वाडीवरची सिद्दी बाई, यंत्रावर शिवायला शिकायचं म्हणून येत असे, ती फळ्याकडं बघून म्हणाली, ‘अक्का, तुमची चांदणी मधी बसती. आमची कोपऱ्यात असती.’ मी विचारलं, कोपऱ्यात का? ती म्हणाली, ‘मधी पोर झोपतंय की. चांदण्या राखण करत कडेला.’ मग तिनं कात्री न लावता, हातभर चिंधीची घडी घालून, चार-सहा टाक्यांत एक फूल करून दाखवलं. टोक सुईसारखं. मी तिच्याजवळची चिंधी उलटून बघितली तर उरलेलं सगळं कापड आत दुमडून राहिलेलं, एक धागा वाया गेला नव्हता. वर्गातल्या मुली गप्प झाल्या. पंधरा दिवस त्या ज्या टोकाशी झटत होत्या ते तिला आईच्या मांडीवर बसून आलं होतं. आपल्यालाही त्यात परकं काही नाही, बघा. ओटी भरताना गुळेदगुड्डच्या खणाची त्रिकोणी घडी आपण घालतोच. ती घडी आपण मान म्हणून देतो, तिनं ती पांघरुणाच्या कोपऱ्याला दिली.

हे सगळं नुसतं कौतुकानं सांगून भागणार नाही. २००३ साली उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीत घेतलं गेलं. त्यामुळं शिष्यवृत्ती, वसतिगृह, नोकरीतली राखीव जागा हे दरवाजे उघडले. पण यादी जिल्ह्यापुरती होती. हल्याळची सिद्दी बाई यादीत आणि तिची खानापुरात दिलेली बहीण यादीबाहेर. एकाच आईनं शिकवलेली कवंदी दोघी शिवत होत्या, एकीच्या मुलाला दाखला मिळत होता, दुसरीच्या मुलाला नाही. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतल्या सिद्दींचा समावेश करायला संसदेला २०२० साल उजाडलं. मध्ये सतरा वर्षं गेली. सतरा वर्षांत पहिलीतलं पोर कॉलेजातून बाहेर पडतं.

आपल्या सीमाभागाला रेघेचं दुखणं नवीन नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं आखली गेली आणि बेळगाव, खानापूर, निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली. १९६७ चा महाजन अहवाल खानापूर, नंदगड, निपाणी महाराष्ट्राला द्यावीत असं म्हणाला, तोही अंमलात आला नाही. त्यावर बोलणारे, लिहिणारे, लढणारे आपल्यात पुष्कळ आहेत आणि ते बोललंच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच की रेघ ओढताना माया न ठेवल्यानं काय होतं ते आपल्याला जितकं कळतं तितकं क्वचितच कुणाला कळत असेल. मग आपल्याच तालुक्यातल्या सिद्दी बायांची टोकं सतरा वर्षं शिवणीखाली गेली, तेव्हा ती आपल्या चर्चेत का आली नाहीत?

आणि हा विसर फक्त त्यांच्याबद्दलचा नाही. खानापूर तालुक्यातलं हलशी म्हणजे जुनी पलाशिका, कदंब राजांची दुसरी राजधानी. तिथं सापडलेले पाचव्या-सहाव्या शतकातले ताम्रपट आपल्या समाजाला अभिमानाचे आहेत, कारण त्यांत जिनालयांना दिलेली दानं आहेत. कार्तिक पौर्णिमेच्या आठ दिवसांच्या उत्सवाची सोय आहे, पावसाळ्याच्या चार महिन्यांत मुनींच्या आहाराची तरतूद आहे. त्यांतल्या एका पटात एका गावाची हकिगत येते. काकुस्थवर्म्यानं ते सेनापती श्रुतकीर्तीला दिलं, तो गेल्यावर पुढं मृगेशवर्म्यानं ते दामकीर्तीच्या आईला दिलं. राजाचं नाव तांब्यावर आहे, सेनापतीचं आहे, दामकीर्तीचं आहे. गाव जिला मिळालं तिचं मात्र नाही. ती ‘दामकीर्तीची आई’. दीड हजार वर्षं टिकणाऱ्या तांब्यावर जागा असूनही जिचं नाव आलं नाही, तिच्या लेकीसुनांची नावं चिंधीच्या वाकळीवर कशी यावीत?

मी घरातल्या थोरल्या बायकांना विचारत गेले तेव्हा कळलं की निपाणीकडं वाकळ शिवणाऱ्या बाया सुगीनंतर दारोदार यायच्या. घरची जुनी लुगडी त्यांच्यापुढं टाकायची, अंगणात चार दगड ठेवून कापड ताणायचं, दोघी समोरासमोर बसून दोरे भरायच्या. मजुरी जोंधळ्यात, शिवाय दुपारची भाकरी आणि एखादं जुनं पातळ. शेरभर जास्त मागितलं की घासाघीस व्हायची. दाभणानं बोटं सोलवटलेली असायची. हे सांगणाऱ्या बायकांना लुगड्याचा रंग आठवत होता, काठ शहापूरचा होता की इरकलचा तेही आठवत होतं. शिवणारीचं नाव एकीलाही आठवलं नाही.

पुढं घरात शिवणयंत्र आलं. १९३० च्या दशकात कलकत्त्यात उषा यंत्रं बनायला लागली आणि हळूहळू ती लग्नाच्या रुखवताशेजारी दिसू लागली. नंतर गाद्या आल्या, मग गुळगुळीत ब्लँकेटं आली. वाकळ माळ्यावर गेली, आणि शिवणाऱ्या बाया दुसऱ्या कामाला लागल्या. आता वारं पुन्हा फिरलं आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातले कलेचे अभ्यासक हेन्री ड्र्यूअल यांनी सिद्दी बायकांच्या कवंद्यांचा अभ्यास केला, २००४ च्या सुमारास त्या बायकांची सहकारी संस्था उभी राहायला मदत केली, आणि २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या शोम्बर्ग केंद्रात त्या कवंद्या भिंतीवर लागल्या. हार्लेम हा काळ्या अमेरिकनांचा जुना मोहल्ला. गुलामांची एक शाखा पश्चिमेला गेली, एक पूर्वेला आली, आणि कैक पिढ्यांनी दोघींच्या नातींची गाठ पांघरुणावरून पडली. आम्ही मात्र तासाभराच्या वाटेवर राहून ती कवंदी बाजारात रद्दीच्या भावानं मागतो.

म्हणून माझ्या मैत्रिणींना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. वाकळ, कौदी, कवंदी विकत घेताना भाव करू नका. एका मोठ्या कवंदीत कित्येक दिवसांचे टाके असतात. दिवसाची शेतमजुरी किती ते आपल्याला माहीत आहे, तिनं गुणून बघा. मग सांगितलेली किंमत जास्त वाटणार नाही.

दुसरी गोष्ट नावाची. त्या सिद्दी बाईला मी विचारलं होतं, तुझं नाव माझ्या लेखात घालू का? आमच्याकडं बायकाही ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलतात, तशी ती म्हणाली, ‘पुस्तकात नको, अक्का. घालायचं तर कवंदीवर घालतो. मीच घालतो.’ मला ते पटलं. तेव्हापासून वर्गात नियम केला आहे. पांघरूण पुरं झालं की मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, शिवणारीनं आपलं नाव, गाव आणि साल धावदोऱ्यानं घालायचं. लिहिता येत नसेल तर शेजारणीनं खडूनं अक्षरं काढून द्यायची, टाके तिचेच. मजुरीनं शिवून घेतलेली असली तरी नाव घरधनिणीचं नाही, शिवणारीचं. तुमच्या माळ्यावरच्या जुन्या वाकळीची शिवणारी कुणाला आठवत असेल, तर ते नावही आता घालून ठेवा, थोरल्या बायका आहेत तोवर. चार बोटं कापड त्यासाठी कडेला राखून ठेवावं लागतं. तेवढी माया प्रत्येक वाकळीत निघते.